शेजारची पेशी काढायची, तर प्राणी कोणता: सी अर्चिन की सी. एलिगन्स?

प्रोजेक्टसाठी प्राणी निवडताना बहुतेक जण लॅबमध्ये जे आधीच पाळलेलं असतं तेच उचलतात. पण गर्भातली पेशी काढून तिच्या शेजारच्या पेशी काय करतात हे पाहायचं असेल, तर तसं करू नका.

'एक पेशी गेली तर तिचं काम कोण करतं?' हा तुमचा प्रश्न असेल तर माझं मत सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याला. त्याच्या गर्भात सांगाडा बांधणाऱ्या साधारण ६४ पेशी आत उतरतात. बारीक काचनळीने त्या सगळ्या ओढून घेतल्या तर काही तास शुकशुकाट असतो. मग एरवी रंगपेशी वगैरे झाल्या असत्या अशा काही पेशी कामाला लागतात, नेमक्या त्याच जागी जाऊन बसतात आणि सांगाडा उभा करतात. एटेन्सोन आणि मॅकक्ले या संशोधकांनी १९८८ मध्ये हे दाखवलं. थोड्याच काढल्या तर थोड्याच बदलतात. म्हणजे उरलेल्या पेशी इतरांना अडवून धरतात. मला तर हाच भाग सगळ्यात रंगतदार वाटतो.

सी. एलिगन्स या कृमीचं नेमकं उलट. चार पेशींच्या गर्भात ईएमएस नावाच्या पेशीला शेजारच्या पी२ पेशीचा स्पर्श वेळेत झाला नाही तर आतडं बनतच नाही, बदली कोणी येत नाही. पण म्हणून त्याला हट्टी ठरवू नका. अळीत योनिद्वार घडवणाऱ्या पेशींपैकी पी६.पी नावाची पेशी मारली तर शेजारीण तिची जागा घेते. शिवाय प्रौढ उभयलिंगी कृमीच्या ९५९ कायपेशींपैकी (म्हणजे प्रजननपेशी सोडून शरीराच्या बाकी पेशींपैकी) प्रत्येकीची वंशावळ माहीत आहे, त्यामुळे कोण बदललं हे नावानिशी सांगता येतं.

सोयीत कृमी सरळ पुढे: आगरची प्लेट, २० अंश तापमान, साडेतीन दिवसांत पुढची पिढी, फ्रीझरमध्ये साठा. अर्चिनला समुद्राचं पाणी हवं आणि प्रजननाचा हंगाम गाठावा लागतो.

एक खोच मात्र आधीच लक्षात घ्या. लेझरने मारलेली पेशी कृमीच्या गर्भाच्या कवचातच पडून राहते, आणि मेलेली पेशी जागेवर राहिली तर निकाल बदलू शकतो. विल्हेल्म रू यांनी १८८८ मध्ये बेडकाच्या दोनपैकी एक पेशी तापल्या सुईने मारली, तेव्हा अर्धा गर्भ झाला. मॅक्लेंडन यांनी १९१० मध्ये तीच पेशी पूर्ण शोषून काढली, तर उरलेलीतून पूर्ण गर्भ वाढला. तेव्हा गर्भातला कृमी घेतलात तर कवच काढून पेशी सुट्या करायला शिका, त्यासाठी दोनेक महिने बाजूला ठेवा.