उन्हाळ्यात पक्षी पाहायचे तर घरची बाग की सिरपूर तलाव?

इंदूरात एप्रिल-मे महिन्यांत रोज सकाळचा अर्धा तासच हाताशी असेल, तर घरच्या बागेतच बसा. आठवड्यातली एखादी सकाळ पूर्ण मोकळी असेल आणि पक्ष्यांची वीण पाहायची ओढ असेल, तर धार रस्त्यावरचा सिरपूर तलाव गाठा. दोन्हीकडे पक्षी वेगळे आणि पाहायची रीतही वेगळी.

बागेत या दिवसांत सगळा खेळ पाण्याचा. दाणे टाकले की पारवे आणि साळुंक्या जागा बळकावतात. पाण्यावर मात्र दाण्यांकडे ढुंकूनही न पाहणारे उतरतात: बुलबुल, दयाळ, शिंपी, सातभाईंचा थवा, कधी आंघोळीला शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी. खारी तर येतातच, शहराच्या कडेला घर असेल तर मुंगूसही येतं.

भांडं मातीचं, बिनरंगाचं परळ घ्या. त्यातून पाणी झिरपतं, म्हणून ते गार राहतं. स्टीलचं भांडं उन्हात तापून चटके देतं. तोंड साधारण ४० सेंटिमीटर, पाणी काठाला बोटभर आणि मध्ये फार तर पाच सेंटिमीटर. याहून खोल असेल तर मध्ये खडबडीत दगड ठेवा, कारण भिजलेल्या पिल्लाला गुळगुळीत काठावरून वर चढता येत नाही.

जागा चुकली की सगळं फसतं. परळ सावलीत हवं, पण झुडपाला चिकटून नको. मांजर तिथेच दबा धरतं. सहा-सात फुटांचं अंतर पुरतं. अगदी उघड्यावर ठेवलं तर भित्रे पक्षी खाली येत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस कोणीच फिरकलं नाही तरी जागा बदलू नका.

पाणी रोज बदला आणि परळ काथ्याने घासा. विष्ठा साचली की एका पक्ष्याचा रोग दुसऱ्याला लागतो. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, त्यामुळे रोज रिकाम्या होणाऱ्या भांड्यात डास होत नाहीत. एका वेळी चार-पाच लिटर पाणी लागतं. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येत असेल तर एक बादली यासाठी बाजूला काढा. जुनं पाणी झाडांना घाला. वर बारीक भोकाचं मडकं टांगून थेंब-थेंब पाणी पडू दिलं तर त्या आवाजाने पक्षी लवकर येतात, आणि हा उपाय आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो.

सिरपूरला हिवाळ्यातल्या बदकांची आशा धरून जाऊ नका; बहुतेक पाहुणे एप्रिलपर्यंत परतलेले असतात. पण राहणारे पक्षी या दिवसांत रंगात येतात. वंचक बगळ्याची पाठ गर्द तांबूस होते, पाण्यात बुड्या मारणाऱ्या टिबुकलीचे गाल तांबडे होतात. टिटवी उघड्या जमिनीवर बहुधा चार अंडी घालते आणि पोटाची पिसं भिजवून आणून ती गार ठेवते. हे बागेत कुठून दिसणार?

सूर्योदयाला तिथे असा आणि ऊन पाठीशी येईल असा पूर्वेकडचा काठ धरा. नऊनंतर तापलेल्या हवेची लहर चित्र थरथरवते. दुर्बीण जास्त ताकदीची असली तर ती थरथरही मोठी दिसते. बागेत खिडकीआडून नुसत्या डोळ्यांनी भागतं, तलावावर दुर्बिणीशिवाय जाण्यात अर्थ नाही. एकच घ्यायची तर ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची), आणि दोन-अडीच मीटरवरचंही स्पष्ट दाखवणारी, म्हणजे ती घरीही चालेल.

सारस पाहायचा असेल तर हातोदकडचा यशवंतसागर जलाशय. सिरपूर आणि यशवंतसागर दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले. यशवंतसागर कितीतरी मोठा, म्हणून पक्षीही लांब असतात. इंदूरजवळच्या रालामंडलचं रान मे संपताना किंवा पहिल्या सरींनंतर बघा. तेव्हा नवरंग पक्षी पहाटे आणि तिन्हीसांजेला शीळ घालतो.

तलावाकाठी टिटवी डोक्यावरून ओरडत झेपावली तर फोटोसाठी थांबू नका, आलात त्याच वाटेने मागे फिरा. तुम्ही उभे असेपर्यंत ती अंड्यांवर बसत नाही, आणि तिची सावली नसली की अंडी उन्हात लगेच तापतात.