जॉन डंटनचं आत्मचरित्र, पेपरबॅक रीप्रिंट: मजकूर भारी, छपाई बेकार

ऑनलाइन मागवलं, चार स्टार देतोय ते फक्त डंटनसाठी. हा माणूस १६५९ चा, लंडनमधला पुस्तकवाला, म्हणजे त्या काळात छापून घेणारा, विकणारा आणि लेखक गाठणारा सगळं एकच, छापखाना मात्र दुसऱ्याचा. दुकानाला नंबर नसायचे म्हणून काळ्या कावळ्याची पाटी, तोच पत्ता! पोरगेला असताना थॉमस पार्कहर्स्ट नावाच्या दुकानदाराकडे उमेदवारी केली, पुढे पुस्तकांच्या पेट्या जहाजात टाकून १६८६ मध्ये थेट अमेरिकेत बॉस्टनला विकायला गेला, आणि उधारी वसूल करायची होती ती वेगळीच.

सगळ्यात मजा त्याने १६९१ मध्ये काढलेल्या पेपरची. लोकांनी नाव न देता प्रश्न पाठवायचे, लग्नापासून विज्ञानापर्यंत काहीही, आणि त्याची उत्तरं छापून यायची, उत्तरं देणारे जेमतेम तीन-चार जण पण आव मोठ्या विद्वत्सभेचा 😄 सुमारे सहाशे पुस्तकं काढली आणि पस्तावा फक्त सातांचा, असं स्वतःच लिहितो, कॉन्फिडन्स बघा. बाकीच्या पुस्तकवाल्यांची तर एकेक करून ओळख दिलीय, तिथे जरा कंटाळा येतो पण धंद्यातली माणसं कळतात.

आता कॉपीबद्दल. १७०५ च्या आवृत्तीचं स्कॅन आहे, जुना लांब 'एस' 'एफ'सारखा दिसतो त्याची सवय होते हो, पण माझ्या कॉपीत काही पानं तिरकी आणि कडेच्या ओळी कापलेल्या. विकणाऱ्याला मेल केला, उत्तर नाही. आधी सॅम्पल पानं बघून घ्या.