होसे रिझाल यांची 'नोली मे तांगेरे' : पेंग्विन क्लासिक्सची आवृत्ती

फिलिपिनो लेखक होसे रिझाल यांची 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी आपल्याकडे फारशी कुणी वाचलेली नसते. फिलिपिन्समध्ये मात्र ती नववीच्या अभ्यासक्रमात आहे आणि तिचा पुढचा भाग, 'एल फिलिबुस्तेरिस्मो', दहावीला येतो. महाविद्यालयांत या दोन्ही कादंबऱ्या शिकवल्याच पाहिजेत, असा कायदाच तेथे १९५६ मध्ये झाला. सेनेटर क्लारो रेक्तो यांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला आणि कॅथलिक चर्चच्या वरिष्ठांनी त्याला तितकाच तीव्र विरोध केला. ज्या पुस्तकावरून एका राष्ट्राच्या सेनेटमध्ये एवढा वाद झाला, ते मराठी वाचकाने कोणत्या आवृत्तीत वाचावे, हा प्रश्न बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण स्पॅनिश न येणाऱ्या वाचकाच्या हाती शेवटी अनुवादकाचेच पुस्तक पडते. येथे मी पेंग्विन क्लासिक्सने २००६ मध्ये काढलेल्या, हॅरल्ड ऑगेनब्राउम यांच्या इंग्रजी अनुवादाचा विचार करणार आहे.

रिझाल यांची मातृभाषा तागालोग होती आणि त्यांनी कादंबरी लिहिली ती स्पॅनिशमध्ये. १८८७ साली बर्लिनमध्ये तिच्या २,००० प्रती छापल्या गेल्या. त्या वेळी ते जेमतेम पंचविशीतले, नेत्रचिकित्सा शिकणारे आणि पैशांच्या विवंचनेत असलेले तरुण होते. छपाईसाठीचे ३०० पेसो त्यांना मॅक्सिमो व्हियोला या मित्राने दिले. पुढे १८९६ च्या ३० डिसेंबरला मनिलातील बागुम्बायनच्या मैदानात स्पॅनिश सत्तेने त्यांना गोळ्या घातल्या, तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकी राजवट आली, शाळांत इंग्रजी शिरली आणि दोन पिढ्यांत बहुतेक फिलिपिनो लोकांना आपल्याच राष्ट्रीय लेखकाचे मूळ शब्द वाचता येईनासे झाले. म्हणून या कादंबरीच्या अनुवादाकडे कारागिरीचा एक नमुना एवढ्याच नजरेने पाहून चालत नाही. त्या समाजाचा स्वतःच्या भूतकाळाशी असलेला संबंध बराचसा अनुवादकांच्या हाती राहिला आहे.

आधीच्या अनुवादांपैकी चार्ल्स डर्बिशायर यांचा १९१२ चा अनुवाद आज जुनाट वाटतो. लिओन मारिया गेरेरो यांचा १९६१ चा अनुवाद अनेक वर्षे फिलिपिन्समधील विद्यार्थ्यांच्या हाती होता. गेरेरो मोठे मुत्सद्दी होते, भारतातही ते राजदूत होते, आणि त्यांचे इंग्रजी देखणे आहे. परंतु त्यांनी निवेदकाचे वाचकाशी चाललेले थेट संभाषण कमी केले, तागालोग शब्द गाळले किंवा त्यांच्या जागी इंग्रजी पर्याय घातले. राष्ट्रवादाचे अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांनी हे उदाहरणांसह दाखवून दिले आहे. मूळ कादंबरी वाचकाचा हात धरून त्याला मनिलाच्या गल्लीत नेते. गेरेरोंच्या अनुवादात तीच गल्ली काचेपलीकडून दिसते.

ऑगेनब्राउम यांचे यश मला याच ठिकाणी दिसते. ऑक्टोबरच्या अखेरीस कापितान तियागो आपल्या घरी मेजवानी देणार, ही बातमी बिनोंदोमध्ये, इतर उपनगरांत आणि तटबंदीच्या आतल्या शहरातही पसरते आणि निवेदक, तू मित्र असशील वा शत्रू, असे वाचकाला म्हणत त्याला घेऊन जिना चढू लागतो. एकमेकांना न ओळखणारी शेकडो माणसे एकाच वेळी एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत, या प्रारंभातच अँडरसन यांना 'राष्ट्र' नावाची कल्पना आकार घेताना दिसली होती. ऑगेनब्राउम हे आमंत्रण जपतात आणि तागालोग शब्दांना मूळ रूपातच ठेवून त्यांचा अर्थ टिपांमध्ये सांगतात. त्याच मेजवानीत भोपळा घातलेला कोंबडीचा रस्सा, म्हणजे 'तिनोला', वाढला जातो तेव्हा उर्मट पाद्री दामासोच्या वाट्याला मान आणि चिवट पंख येतो, आणि सात वर्षांनी युरोपातून परतलेल्या इबाराच्या, म्हणजे कादंबरीच्या तरुण नायकाच्या, ताटात मात्र चांगले तुकडे असतात. पुढचे सारे वैर त्या ताटात दिसते. येथे 'तिनोला' काढून 'चिकन स्ट्यू' लिहिले असते तर प्रसंग समजला असता, पण ते घर कुणाचे आहे हे कळले नसते.

भाषेविषयीचा सर्वांत बोचरा प्रसंग दोन्या कोन्सोलासियोनचा आहे. एका स्पॅनिश लष्करी अधिकाऱ्याची ही बायको आपल्याला तागालोग येतच नाही असे सोंग आणते. नवरा तिला 'फिलिपिनास' हा शब्द नीट उच्चारायला शिकवू पाहतो आणि आपल्याच देशाचे नाव तिच्या तोंडात दर वेळी मोडत जाते. हा विनोद उच्चारावर उभा असल्याने इंग्रजीत तो सहज कोसळला असता. ऑगेनब्राउम यांनी त्याला फार न सजवता, अक्षरांची मोडतोड तशीच दाखवून, तो तारला आहे. नंतर हीच बाई चाबूक हाती घेऊन वेड्या सिसाला नाचायला लावते. सिसाची दोन मुले चर्चची घंटा वाजवायच्या कामावर होती, त्यांच्यावर चोरीचा खोटा आळ आला, धाकटा क्रिस्पीन परत आलाच नाही आणि आईचे मन उद्ध्वस्त झाले. फ्रान्सिस्को सियोनिल होसे हे नंतरच्या पिढीचे मोठे कादंबरीकार. लहानपणी ही कथा वाचून आपण हेलावून गेलो होतो, असे ते सांगत. मनिलातील आपल्या पुस्तकांच्या दुकानाला त्यांनी 'सोलिदारिदाद' हे नाव दिले, ते ज्या वृत्तपत्रात रिझाल लिहीत असत त्याच्यावरून.

एका बाबतीत मात्र हा अनुवाद मला उणा वाटतो. रिझाल यांचे स्पॅनिश वाक्य कित्येकदा प्रवचनाच्या थाटात चढत जाते आणि मग एका साध्या शब्दावर आपटते. मृतात्म्यांच्या मुक्तीसाठी मिळवलेल्या पुण्याचा हिशेब भाविक स्त्रिया किराणा दुकानाच्या वहीसारखा मांडतात, त्या प्रकरणाची गंमत या चढ-उतारावरच आहे, आणि कीर्तन ऐकून वाढलेल्या मराठी कानाला ती लगेच कळावी अशी आहे. ऑगेनब्राउम यांचे इंग्रजी स्वच्छ, चपळ आणि आजच्या अमेरिकी वळणाचे आहे. त्यात आपटणे ऐकू येते, चढणे तेवढे येत नाही. स्पॅनिश ही जिची रोजच्या जगण्यातली भाषा होती, त्या सोलेदाद लाक्सोन-लोक्सिन यांचा उतारवयात केलेला अनुवाद या दृष्टीने मूळ वाक्याच्या अधिक जवळ राहतो, पण प्रथमच वाचणाऱ्याला तो जड जाईल. मी पहिल्या वाचनासाठी पेंग्विनची आवृत्तीच सुचवेन. तिची प्रस्तावना रिझाल यांच्या आयुष्याची आणि त्या काळाची पुरेशी ओळख करून देते, मात्र तीत कथानक उघड होत असल्याने ती कादंबरीनंतर वाचावी.

गोव्याच्या वाचकांना हे पुस्तक आणखी जवळचे वाटेल. फ्रान्सिस्कु लुईस गोमिश यांनी १८६६ मध्ये पोर्तुगीजमध्ये कादंबरी लिहिली, तेव्हा राज्यकर्त्यांच्याच भाषेत त्यांना जाब विचारण्याची तीच वाट त्यांनीही धरली होती.

कादंबरीतला म्हातारा तासियो चित्रलिपीत लिहीत बसतो. वाचले जाऊ नये असे वाटते तर लिहिता का, असे इबारा विचारतो, तेव्हा आपण या पिढीसाठी लिहीत नाही, असे तासियो सांगतो. आणि भाषा कोणती, तर आपली, तागालोग. स्पॅनिशमध्ये लिहिणाऱ्या रिझाल यांनी हे संभाषण कोणत्या मनःस्थितीत लिहिले असेल, या विचाराने मी त्या पानावर बराच वेळ थांबलो.

ही प्रत घेणाऱ्याने ऑगेनब्राउम यांनीच अनुवादित केलेली 'एल फिलिबुस्तेरिस्मो'ची २०११ ची पेंग्विन आवृत्तीही सोबतच मागवावी. 'नोली'च्या उपसंहारात वादळी रात्री सांता क्लारा मठाच्या छपरावर दोन पहारेकऱ्यांना विजेच्या प्रकाशात एक पांढरी आकृती दिसते आणि रिझाल आपल्याला तेथेच सोडून देतात. तेरा वर्षांनंतर इबारा कोण होऊन परततो, हे दुसऱ्या पुस्तकातच कळते.