गेल्या मृगाला घेतलेली रोपं: उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

नर्सरीबद्दल लिहायचं तर उन्हाळा सरल्यावरच लिहावं. आषाढ-श्रावणात कोल्हापुरात कुठलंही रोप हिरवंगार दिसतं. त्याचा कस लागतो तो शिमग्यानंतर. आमची कॉलनी मुरमाड माळावर आहे. गगनबावड्याला कोसळणारा पाऊस इथवर येईपर्यंत बराच ओसरतो आणि संक्रांत झाली की जमिनीत पहारसुद्धा लागत नाही. तिथल्या मोकळ्या जागेत लावायला गेल्या मृगाला जांभूळ, बहावा, तामण, करंज, कडुलिंब आणि केशर आंब्याची कलमं घेतली होती.

रोपं दाखवायच्या आधी नर्सरीतल्या मामांनी विचारलं, "जागा कुठली? पुराचं पाणी येतंय का? आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालणार ते सांगा की पहिलं." 2019 आणि 2021 चे पूर बघितलेल्या गावात हा मधला प्रश्न किती मोलाचा आहे ते वेगळं सांगायला नको. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या आतेभावाच्या रानात पाणी चढतं, हे कळल्यावर त्यांनी पपईचं नावसुद्धा काढू दिलं नाही. बांधाला लावायला करंज आणि उंबर दिले. करंज पाण्यात तग धरतो, मुळांनी काठाची माती धरून ठेवतो.

मी उंच रोपांकडं बघत होतो, तर मामांनी एका पिशवीचं बूड फाडून दाखवलं. पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाची मुळं तळाशी गोल-गोल फिरून त्यांचं वेटोळं झालेलं होतं. असं रोप लावलं तरी मुळं त्याच वेटोळ्यात वाढत राहतात, खोल जात नाहीत, आणि पुढं वाऱ्याला झाड कलंडतं. आम्हाला त्यांनी गुडघ्याएवढी, बुडाला जाड आणि मुळं मोकळी असलेली रोपं दिली. इतर ठिकाणांपेक्षा दर थोडा जास्त होता, पण मे महिन्यात तो वसूल झाला. जांभळाची खालची पानं करपली, तरी शेंड्याला तांबूस कोवळी पालवी धरून होती. बहावा आणि करंज तर टँकरच्या पाण्याचा खाडा पडला तेव्हाही सुकले नाहीत. आळ्यात उसाचं पाचट टाकायचं, पण खोडाला टेकवायचं नाही, नाहीतर वाळवी लागते, हेही त्यांचंच सांगणं. पाचट आपल्याकडं शेतात पेटवून देतात. तेच आळ्यात पसरलं तर पाणी घालायचं काम निम्म्यावर येतं.

आता तक्रारी. त्यांच्याकडूनच घेतलेलं शेणखत नीट कुजलेलं नव्हतं. त्यातून हुमणी आली. एक कडुलिंब भर पावसात मान टाकायला लागला म्हणून उकरला, तर बारीक मुळं खाऊन संपलेली आणि मातीत पांढरी, वाकडी अळी. ते रोप गेलं. दुसरं म्हणजे, कलमाच्या जोडावरची प्लास्टिकची पट्टी न काढताच कलमं दिली आणि ती कधी सोडायची हे सांगितलं नाही. दिवाळीत बघितलं तेव्हा पट्टी खोडात रुतायला लागली होती. तिसरी तक्रार चिठ्ठ्यांची. तामण म्हणून दिलेलं एक रोप वेगळंच निघालं. तामण हे राज्यफूल आहे, लोक हौसेनं मागतात, तिथं ही गफलत व्हायला नको. तक्रार केल्यावर रोप बदलून दिलं, पण तोवर लावणीचा चांगला काळ टळला होता.

तरीही मी तिथंच परत जाणार, आणि त्याचं कारण ते तीन प्रश्न आहेत. 2019 च्या पावसाळ्यात राज्यात 33 कोटी झाडं लावायचा संकल्प होता. प्रत्येक खड्ड्यापाशी "उन्हाळ्यात पाणी कोण घालणार" असं कुणीतरी विचारायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. रस्ते रुंद होताना म्हातारे वड जातात, उसाच्या नादात बांधावरची झाडं जातात. त्यांच्या बदल्यात लावलेल्या रोपाला निदान तीन उन्हाळे सांभाळणारा माणूस पाहिजे. आमच्याकडं आता घरटी एक झाड वाटून घेतलंय. माझ्या वाटणीच्या जांभळाला फळ येईल तेव्हा कॉलनीत आज रांगणारी पोरं शाळेत जात असतील, आणि ते खायला कोण-कोण इथं असेल कुणास ठाऊक. पण बुलबुल, कोकीळ नक्की येतील, बिया लांबवर टाकतील. जंगल असंच पसरतं. राधानगरी-दाजीपूरच्या रानात कुणी खड्डे मारून झाडं लावलेली नाहीत.

यंदाचा हंगाम सुरू झालाय. परवा गेलो तेव्हा जांभळाच्या ताज्या बिया पेरायचं काम चाललं होतं. हे बी फार दिवस उगवणक्षम राहत नाही, म्हणून फळं बाजारात असतानाच पेरावं लागतं. बहाव्याच्या टणक बिया गरम पाण्यात भिजत घातल्या होत्या. नवीन रोपांत बेहडा आणि अर्जुन चांगले आलेत. जाणार असाल तर पाऊस नीट लागायच्या आत जा. शेणखत ओळखीच्या गोठ्यातलं, काळं आणि भुसभुशीत झालेलंच वापरा. कलम घेताना पट्टी कधी काढायची ते विचारून घ्या, आणि जोडाच्या खालून फूट आली तर ती लगेच खुडून टाका, नाहीतर केशरच्या जागी रायवळ वाढेल.