नऊ महिन्यांनंतर साउंडबॉक्स : गावभागातल्या किराणा दुकानातून

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात दुकानात साउंडबॉक्स बसवला, म्हणजे यूपीआयनं पैसे जमा झाले की रक्कम मोठ्यानं बोलून सांगणारं यंत्र. आता मार्च उजाडलाय. नव्या वस्तूचं कौतुक पहिल्या महिन्यात कुणीही करतं, म्हणून पावसाळा, गणपती, दिवाळी असं सगळं त्याच्यासोबत काढल्यावरच लिहायला बसलोय. दुकान सांगलीत, गावभागात. किराणा माल आणि आमचा घरचा भडंग. गल्ल्यावर मी, दुपारी दोन तास बायको. कंपनीचं नाव लिहीत नाही.

क्यूआर कोड आमच्याकडे नोटबंदीनंतर लगेच आला. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा गेल्या आणि पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाईक दोन हजारांची नोट घेऊन पाव किलो साखर मागायचं. सुटे आणणार कुठून? भाच्यानं तेव्हा पहिला क्यूआर चिकटवून दिला. पण पैसे जमा झाले का, हे बघायला प्रत्येक वेळी फोन हातात घ्यावा लागायचा. माझे हात भडंगाच्या तेला-तिखटाचे. हात पुसा, फोन उघडा, मेसेज शोधा. तोवर मागं उभी असलेली दोन माणसं पुढच्या दुकानात गेलेली असायची. हळूहळू मी फोन बघणंच सोडलं. गिऱ्हाईक स्क्रीन समोर धरायचं, हिरवी खूण दिसली की मी मान हलवायचो.

गेल्या मे महिन्यात संध्याकाळी सातच्या गर्दीत दोन पोरं आली. पाव किलो काजू, पाव किलो बदाम, भडंगाची दोन पाकिटं. ६४० रुपये. स्क्रीनवर दुकानाचं नाव, रक्कम, हिरवी खूण, सगळं बरोबर. रात्री खातं जुळवताना ६४० कुठंच नाहीत. पैसे गेल्यासारखं दाखवणारी खोटी ॲप असतात, हे पेपरात वाचलेलं होतं. आपल्याच गल्ल्यासमोर तसं घडेल हे मनात नव्हतं. दुसऱ्या दिवशी साउंडबॉक्सवाल्या मुलाला बोलावलं.

भाडं महिन्याला १०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८. आत स्वतःचं सिमकार्ड आहे, त्यामुळे वायफाय लागत नाही आणि माझा फोन घरी राहिला तरी चालतं. भाषा मराठी निवडली. हा निर्णय फार बरा झाला. पहिल्याच आठवड्यात इंग्रजी शाळेत जाणारा एक मुलगा पैसे देऊन थांबला आणि म्हणाला, ‘अण्णा, एकोणऐंशी म्हणजे किती?’ मी सांगितलं, सेव्हंटी नाइन. आता तो रोज आकडा ऐकतो आणि आधी स्वतः ओळखून बघतो. एकोणसाठ आणि एकोणसत्तर त्याचे अजून गडबडतात.

आवाजाची खरी किंमत मला कळली ती आमच्या गल्लीतल्या एका आजींमुळे. मुलगा पुण्यात नोकरीला, आजी एकट्या. आजींकडे साधा बटणांचा फोन. मी मुलाला क्यूआरचा फोटो पाठवून ठेवलाय. आजी सामान काढतात, मी बिलाचा आकडा मुलाला कळवतो आणि आजी पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसतात. कधी दोन मिनिटं, कधी मुलगा मीटिंगमध्ये असला तर अर्धा तास. मी कितीदा म्हटलं, आजी, तुम्ही जावा घरी, पैसे येतील. त्या हलत नाहीत. ‘तीनशे बारा रुपये प्राप्त झाले’ असा आवाज आला की पदर सावरून उठतात. एकदा म्हणाल्या, ‘त्यो बोलला की पोरानं हाक मारल्यागत वाटतं बघ.’ त्या बाकड्यावर आधी मी तेलाचे डबे ठेवायचो. आता बाकडं त्यांच्यासाठी मोकळं असतं.

आता तक्रारी. जुलैत पावसाची झड लागली की नेटवर्क जातं आणि बॉक्स गप्प होतो. गप्प राहिला तर एक वेळ परवडतं, कारण मी फोन बघतो. उशिरा बोलला तर मात्र घोळ होतो. एका बाईंनी ८५ रुपये दिले, आवाज आला नाही, त्यांनी पुन्हा ८५ दिले, तरी आवाज नाही. शेवटी रोख देऊन त्या गेल्या. दहा मिनिटांनी बॉक्स लागोपाठ दोनदा ‘पंच्याऐंशी’ बोलला. मी छत्री घेऊन त्यांच्या घरी जाऊन १७० रुपये परत दिले. ओळखीच्या होत्या म्हणून घर तरी सापडलं. वाटसरू असता तर पैसे माझ्याकडेच राहिले असते, आणि त्यानं आयुष्यभर मला चोर म्हटलं असतं. तेव्हापासून दुकानात नियम आहे : आवाज आला नाही तर दुसऱ्यांदा स्कॅन करायचं नाही, आधी मी फोन बघणार.

दिवाळीआधी चार्जरची पिन सैल झाली. चार दिवस यंत्र बंद होतं. हेल्पलाइनवर हिंदीत तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, माणूस आला नाही. शेवटी बसस्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यानं ६० रुपयांत पिन बसवून दिली. त्या महिन्याचं भाडं पूर्ण कापलं गेलं. चार दिवसांचे पंधरा-सोळा रुपये होतात. रक्कम छोटी आहे, पण मी उधारीवर एक रुपया जास्त लिहिला तर गिऱ्हाईक मला विचारतं. मी कुणाला विचारायचं?

धंद्यावर काय परिणाम झाला, हे सगळे विचारतात. सुट्या पैशांची कटकट संपली, ही पहिली गोष्ट. पूर्वी दोन-तीन रुपयांऐवजी गोळ्या-चॉकलेटं द्यायचो. ती बरणी आठवड्यात संपायची, आता महिना पुरते. दर ठरवतानाही मी मोकळा झालो. भडंगाचं छोटं पाकीट ४० ला होतं. शेंगदाणे महागले तेव्हा पूर्वी थेट ४५ करावं लागलं असतं, या वेळी ४२ केलं आणि कुणी कुरकुरलं नाही. खरेदीही बारीक झाली. महिन्याची यादी घेऊन येणारे कमी झाले. आज अर्धा लिटर तेल, परवा पाव किलो रवा. लोक जास्त वेळा येतात, कमी नेतात. एकूण विक्रीत मोठा फरक नाही, पण मला पुड्या जास्त बांधाव्या लागतात आणि मोठा साठा करून चालत नाही.

आणखी एक बदल मी अपेक्षिला नव्हता. काही बायका मुद्दाम रोख देतात. एकीनं हळूच सांगितलं, फोनवरून दिलं की घरी मेसेज दिसतो आणि प्रत्येक वीस रुपयांचा जाब द्यावा लागतो. मुलीसाठी घेतलेल्या केसांच्या पिना, माहेरी पाठवायचा भडंग, हे त्या नोटेनं घेतात. मी अशा वेळी बॉक्सकडे बोट दाखवत नाही. नोट घेतो.

रोख मागायलाही लोक आमच्याकडेच येतात. ‘अण्णा, पाचशे मारतो, कॅश द्या.’ एटीएम लांब, कधी बंद, आणि माझ्या गल्ल्यात नोट असते. केनियात २००७ पासून एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय आहे, तिथं असे पैसे काढून देणाऱ्या दुकानदाराला कमिशन मिळतं, असं भाच्यानं सांगितलं. इथं ते फुकट होतं. शेजारधर्म म्हणून मी देतो, पण संध्याकाळी रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला आला की अडचण होते. आमच्या पतसंस्थेचा पिग्मी एजंट गेली अठरा वर्षं रोज दोनशे रुपये नेतो. दुकानाचं छप्पर त्या पैशांतून झालं. पूर्वी गल्ल्यातून दोन नोटा काढून द्यायचो. आता विक्रीतले निम्म्याहून जास्त पैसे बॉक्समार्फत जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकरकमी बँकेत पडतात. म्हणून पिग्मीच्या नोटा सकाळीच वेगळ्या डबीत काढून ठेवतो. डबीत नोट नसली तर बचत चुकते, हे मी दोन महिने चुकवून शिकलो.

कर्जाबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथं बरेचजण अडकतात. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराकडून व्यवहाराचं शुल्क घेतलं जात नाही. छोट्या दुकानदारांच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारांवर सरकारनं बँका आणि अशा कंपन्यांना काही प्रोत्साहन दिलं. २०२४-२५ साठी ते ०.१५ टक्के होतं. म्हणजे कंपनीची कमाई मुख्यतः भाड्यातून आणि कर्जातून. तिसऱ्या महिन्यापासून ॲप उघडलं की वरच्या बाजूला येऊ लागलं : पन्नास हजार घ्या, कागदपत्रं नकोत, रोज फक्त २०० रुपये, ३०० दिवस. ‘फक्त २००’ ऐकायला पिग्मीसारखं वाटतं. कागदावर मांडा. परत करायचे ६० हजार. दहा महिन्यांत दहा हजार जास्त. आणि पन्नास हजार दहाही महिने आपल्या हातात नसतात, रोज कमी होत जातात. वर्षाचा दर काढला तर चाळीस टक्क्यांच्या पुढे जातो. आमच्या पतसंस्थेत पिग्मीच्या तारणावर मिळणारं कर्ज याच्या निम्म्याहूनही स्वस्त पडतं.

शेजारच्या भाजीवाल्या मावशींनी ॲपवरचं कर्ज घेतलं. हप्त्याची कपात रोज सकाळी, त्यांच्या हातात पैसे पडण्याआधी. पावसात तीन दिवस बाजार भरला नाही, तरी हप्ता चढत गेला. चौथ्या दिवशी विक्री झाली, ती चढलेल्या हप्त्यांत कापली गेली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मालाला पैसे नव्हते. मी माझ्याकडून हजार दिले. त्या आठवड्यात त्या गिऱ्हाइकांना म्हणत होत्या, ‘स्कॅन नको, रोख दे बाबा.’ बॉक्स समोर ठेवून रोख मागायची वेळ त्यांच्यावर का आली, हे कुठल्याच जाहिरातीत येत नाही.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बंगळुरात ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, म्हणजे कर्नाटक आमच्या दारात. बातमी इथं यायला दिवसही लागला नाही आणि दोन दुकानदारांनी क्यूआर उलटा करून ठेवला. मी माझ्या कर सल्लागाराकडे गेलो. जीएसटी नोंदणीसाठी मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांची मर्यादा आहे, सेवा असेल तर २० लाख. मी त्याच्या बराच आत. पण त्यांनी एक चूक दाखवली : बॉक्स माझ्या बचत खात्याला जोडलेला होता. त्याच खात्यात मेहुण्यानं परत केलेले उसने पैसे, भिशीची रक्कम, सगळं. विक्री कुठली आणि घरचं कुठलं, हे विचारलं तर मला सांगता आलं नसतं. चालू खातं काढलं, बॉक्स तिकडं वळवला. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

ॲपमध्ये उधारीची वहीसुद्धा आहे. गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, बाकी टाकली की आठवण देणारा मेसेज आपोआप जातो. मला ते फार सोयीचं वाटलं, कारण माझी जुनी वही २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरात गेली. कृष्णेचं पाणी दुकानात छातीएवढं होतं. लाईट नाही, नेटवर्क नाही. पाणी ओसरल्यावर वही उघडली तर शाई पसरून पानं निळी झालेली, एक नाव वाचता येईना. मी उधारी सोडून दिली होती. पुढच्या पंधरा दिवसांत माणसं आपणहून आली. ‘अण्णा, माझे साडेआठशे होते, लिहून घ्या.’ स्वतःचं घर चिखलात असताना आली. कुणी किती कमी सांगितलं असेल, ते मी मोजलं नाही.

त्यातलेच एक निवृत्त गुरुजी. गेल्या सप्टेंबरमध्ये मी सगळी खाती ॲपमध्ये भरली आणि महिनाअखेरीस गुरुजींना मेसेज गेला : तुमच्याकडे १,२४० रुपये बाकी आहेत, त्वरित भरा. ते शब्द माझे नव्हते, पण नाव माझ्या दुकानाचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आले, १,२४० मोजून काउंटरवर ठेवले आणि काही न बोलता निघाले. तीन आठवडे ते आमच्या दुकानासमोरून पलीकडच्या बाजूनं जात होते. मी त्यांच्या घरी गेलो, पाया पडलो, काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, ‘तू मागितले असतेस तर वाईट वाटलं नसतं.’

ॲपमधली वही त्याच रात्री पुसली. बॉक्स ठेवलाय आणि पुढंही ठेवणार, ११८ रुपयांत तो लगेच पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम चोख करतो. घेणार असाल तर चालू खात्याला जोडा, कर्जाच्या पाटीवर बोट ठेवू नका आणि पिन सैल झाली तर हेल्पलाइनची वाट बघू नका. उधारीसाठी लाल कापडी पुठ्ठ्याची वही पुन्हा आणली आहे. पुराच्या भीतीनं ती आता वरच्या फळीवर, डाळीच्या डब्यांच्या मागं असते. गुरुजींचं पान चौथं. पेन्शन झाली की एक-दोन तारखेला येतात, चष्मा लावून बेरीज स्वतः तपासतात आणि पैसे देऊन खाली सही करतात.