सगळी मदत बंद केल्यावर आवडलेलं अ‍ॅप : प्रोक्रिएटवर एन्सो काढताना

गेले सात-आठ महिने रोज सकाळी आयपॅडवर एक वर्तुळ काढतेय. एकच. झेन परंपरेत याला एन्सो म्हणतात, एका श्वासात एका किंवा फार तर दोन फटकाऱ्यांत काढलेलं गोल, तोंड जुळलं तरी चालतं, उघडं राहिलं तरी चालतं, फक्त नंतर त्याला हात लावायचा नाही. मी हे प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या अ‍ॅपवर करते आणि बऱ्याच जणांनी विचारलं की त्यासाठी हे अ‍ॅप घ्यावं का, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी साध्या गोष्टी. प्रोक्रिएट 2011 मध्ये आलं, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियातली कंपनी आहे, एकदाच पैसे भरायचे, दर महिन्याचं सबस्क्रिप्शन नाही. चालतं फक्त आयपॅडवर (आयफोनसाठी पॉकेट म्हणून वेगळं छोटं आहे), अँड्रॉइडवाल्यांसाठी काहीच नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की चित्र आपोआप बनवणारं एआय आम्ही यात आणणार नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण ज्या वर्तुळात काढणाऱ्याचा श्वासच नाही ते घेऊन मी काय करू?

आता मुद्द्याचं. हे अ‍ॅप तुम्हाला प्रचंड मदत करतं, आणि एन्सोसाठी ती सगळी मदत एकेक करून बंद करावी लागते. पहिल्या दिवशी मी कॅलिग्राफीतला एक ब्रश घेऊन गोल काढलं, शेवटाला जरा थांबले, कारण तिथे थांबावंसं वाटतंच, आणि माझं वेडंवाकडं गोल टुणकन गुळगुळीत लंबगोल झालं. याला क्विकशेप म्हणतात, पेन्सिल (म्हणजे अ‍ॅपलचा आयपॅडवर लिहायचा स्टायलस) टेकवून धरली की अ‍ॅप आकार सुधारून देतं. लोगोबिगो करणाऱ्यांना वरदान आहे, पण इथे नको, सेटिंगमध्ये जेश्चर कंट्रोल्सला जाऊन ते बंद करा. मग ब्रशची एक कॉपी करून घ्या आणि त्या कॉपीत स्टॅबिलायझेशन उघडून स्ट्रीमलाइन वगैरे सगळे स्लायडर शून्यावर आणा. स्ट्रीमलाइन चालू असलं की हाताचा कंप पुसला जातो, रेघ लोण्यासारखी येते आणि दिसायला छानच दिसते हो, पण रात्री झोप नीट झाली नव्हती की सकाळी मन कुठेतरी भलतीकडेच होतं हे त्या रेघेत कुठेच दिसत नाही. शून्यावर आणल्यानंतरच्या पहिल्याच गोलात माझा हात साधारण चारच्या काट्यापाशी अडखळलेला स्पष्ट दिसला. त्या दिवसापासून मला हे अ‍ॅप खरं आवडायला लागलं.

राहिलं अनडू. दोन बोटं टेकवली की मागचं पुसलं जातं आणि असं 250 पावलांपर्यंत मागे जाता येतं. शाईने कागदावर काढणाऱ्याला हे सुख नसतं, आणि एन्सोची सगळी गंमत त्या नसण्यातच आहे. मी काय करते, चार बोटं टेकवून सगळी बटणं लपवते, समोर फक्त रिकामा कॅनव्हास उरतो, डावा हात मांडीवर, आणि काढून झालं की लगेच गॅलरीत जाते, कारण फाइलमधून बाहेर पडलं की अनडूची यादी पुसली जाते. जे झालं ते झालं. पहिले पंधरा दिवस बोटं नुसती शिवशिवायची, आता नाही.

कॅनव्हास मी 2048 पिक्सेलचा चौकोनी घेते, लेयर (चित्राचा थर) एकच, पार्श्वभूमी पांढरीशुभ्र न ठेवता किंचित पिवळट. वर्तुळ मधोमध काढत नाही. जपानी चित्रात मोकळ्या सोडलेल्या जागेला योहाकू म्हणतात आणि ती उरलेली जागा नसते, चित्राचाच भाग असते. क्योटोच्या र्योआनजी देवळातल्या दगडांच्या बागेत 15 दगड आहेत पण बसल्या जागेवरून एक तरी लपलेलाच राहतो, हे मला कॅनव्हास मांडताना नेहमी आठवतं. आणि सेंगाई नावाचा भिक्षू (1750 ते 1837) होता, त्याने गोल काढून शेजारी लिहून ठेवलं की हे खा आणि चहा पी. इतका मोकळेपणा!

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर चित्रकार वासुदेव गायतोंडे, 1924 साली नागपूरला जन्मलेले, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेले, झेनकडे ओढ असलेले. ते वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. ती चित्रं बघा, मग झेन नावाने विकले जाणारे बांबू-दगड-मेणबत्तीवाले वॉलपेपर बघवत नाहीत.

काय मिळत नाही तेही सांगते. खऱ्या सुमी शाईची (जपानी काळ्या शाईची) वडी दगडावर पाणी घालून घासावी लागते, त्यातच मन बसतं, इथे अ‍ॅप दोन सेकंदात उघडतं. म्हणून मी आधी पाच मिनिटं नुसती बसते, आयपॅड समोर जमिनीवर आडवा. अ‍ॅप आपोआप टाइमलॅप्स व्हिडिओ बनवतं पण त्यात फक्त फटकारा येतो, त्या पाच मिनिटांचा मागमूसही नाही. शाई कागदात पसरते तशी इथे पसरत नाही, ब्रशच्या टेक्स्चरने तसा भास होतो इतकंच. काच निसरडी लागते, मॅट स्क्रीनगार्ड लावलं की हाताला कागदासारखा अडसर मिळतो, मात्र पेन्सिलचं टोक लवकर झिजतं.

पेन्सिल घेताना मात्र नीट बघा. मी आधी एक स्वस्तातला स्टायलस घेतला होता, त्याला प्रेशर, म्हणजे हात किती दाबला ते, कळायचंच नाही, सगळं गोल एकाच जाडीचं, पैसे वाया. अ‍ॅपलची 2023 मध्ये आलेली यूएसबी-सी वाली पेन्सिलसुद्धा प्रेशर ओळखत नाही, त्यामुळे दुसरी कुठली तुमच्या आयपॅडला चालते ते तपासूनच घ्या. झेन ब्रशचे पॅक विकत मिळतात, मीही एक घेतला, चाळीस ब्रश आणि सगळे सख्खे भाऊ. अ‍ॅपमधले फुकटचेच पुरतात.

आयपॅड आणि प्रेशरवाली पेन्सिल घरात आहेच तर प्रोक्रिएट जरूर घ्या, पैसे वसूल. नुसत्या एन्सोसाठी मात्र आयपॅड घेऊ नका, शाईची बाटली, एक जाड ब्रश आणि पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतले चार कागद आणा, मी रविवारी तेच करते.