आधी सांडवा, मग धबधबा: ड्वार्फ फोर्ट्रेस आठ महिने खेळल्यावर

आठ महिने झाले, मी ड्वार्फ फोर्ट्रेस खेळतेय. रोज रात्री तासभर, सुट्टीच्या दिवशी त्याहून बरंच जास्त. एवढ्यात चार किल्ले झाले. पहिला पाण्याखाली गेला, दुसरा थंड मुलुखातला मीच सोडला, तिसरा उभा आहे आणि चांगला नांदतोय, चौथ्याचं खोदकाम चालू आहे. या खेळातल्या लढाया, व्यापार, सरदारांच्या मागण्या यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला पाण्यावर लिहायचंय, कारण हा खेळ मी सोडला नाही तो पाण्यामुळे.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन भावांनी बनवलेला हा खेळ २००६ पासून लोकांच्या हातात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये स्टीम या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर चित्रांची, माउसने चालणारी आवृत्ती आली; मी ती घेतली. अक्षरांची जुनी आवृत्ती अजूनही फुकट मिळते. सात बुटके आणि एक गाडी घेऊन डोंगरापाशी उतरायचं आणि डोंगर पोखरून वस्ती वसवायची, एवढंच. काय करायचं ते तुम्ही सांगता, पण कोण करेल आणि कधी करेल ते बुटक्यांवर. कोणी जेवत असतं, कोणी झोपलेलं असतं. पाण्याच्या कामात ही गोष्ट फार महाग पडते, ते पुढे येईलच.

पाण्याचा हिशोब असा. डोंगराचे एकाखाली एक थर असतात आणि प्रत्येक थराचे चौकोन. प्रत्येक चौकोनात पाणी एक ते सात या मापाने मोजलं जातं. सात म्हणजे काठोकाठ. तीनपर्यंतच्या पाण्यातून बुटका चालत जातो. चार झालं की त्याच्या लेखी ती वाट बंद. एकच माप उरलेलं पाणी हळूहळू वाळून जातं. ओल्या दगडावर चिखल राहतो आणि त्या चिखलात जमिनीखालची शेती करता येते, म्हणजे जिथे माती नाही तिथे पाणी सोडून, वाळू देऊन वाफे तयार करायचे. हे मी दुसऱ्याच आठवड्यात केलं आणि मला वाटलं, पाणी आपल्याला कळलं.

दाब कळला नव्हता.

पहिल्या किल्ल्यात मला विहीर हवी होती. निरोगी बुटके दारूवरच जगतात, पण जखमी होऊन खाटेवर पडलेल्याला पाणीच लागतं, आणि जखम धुवायलाही पाणी लागतं. विहीर नसेल तर साध्या जखमेचा माणूस हातचा जातो. म्हणून नदीपासून आठ थर खाली एक मोठं टाकं खोदलं, नदीतून सरळ पाट काढला, टाक्याच्या छतात भोक पाडून वर भोजनगृहात विहीर बांधली. ठोकळा, बादली, दोर आणि एक यंत्रजोड (खेळातलं मेकॅनिझम), एवढ्यात विहीर होते. पाटाच्या तोंडाशी फ्लडगेट, म्हणजे पाणी अडवायचं दार, बसवलं होतं आणि त्याचा लिव्हर सोयीचा म्हणून भोजनगृहातच ठेवला होता.

गेट उघडलं. टाकं भरत गेलं, पाच, सहा, सात. मी खूष होऊन दुसऱ्या थरावर कोठाराचं काम बघायला गेले. परत आले तेव्हा विहिरीभोवतीच्या फरशीवर निळे चौकोन दिसत होते. नदी वर होती, टाकं खाली होतं, मधे पाट सलग भरलेला; पाणी आपल्या मूळ पातळीकडे चढू बघत होतं आणि त्याला चढायला मोकळी वाट फक्त विहिरीची होती. मी लिव्हर ओढायचा हुकूम दिला. ज्याच्याकडे ते काम गेलं तो गवंडी तीन थर खाली झोपलेला होता. तो उठला, जिना चढून भोजनगृहाच्या दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला, कारण लिव्हरपाशी पाणी चारवर गेलं होतं. मी पाहत होते. तो वळला आणि दुसऱ्या कामाला गेला. जिन्यातून पाणी खाली उतरू लागलं, खाली निजायच्या खोल्या होत्या, त्याखाली धान्य. त्या रात्री अकरा जण गेले. त्यात गवंडीही होता.

मी दोन दिवस खेळ उघडला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र कागद घेऊन बसले, कारण यात कुठेही फसवणूक झाली नव्हती. पाणी पाण्यासारखंच वागलं होतं.

त्यानंतर जे शिकले ते इथे सविस्तर लिहितेय, कारण नवीन खेळणाऱ्याला याचाच सगळ्यात जास्त उपयोग होईल. या खेळात पाणी कोपऱ्याला कोपरा लागलेल्या चौकोनांतूनही जातं, पण दाब तसा जात नाही. म्हणजे पाट सरळ नेता नेता एका ठिकाणी तिरपा तोडायचा: एक चौकोन संपतो त्याच्या कोपऱ्याला लागून पुढचा सुरू करायचा, आजूबाजूचे दोन्ही दगड तसेच ठेवायचे. तेवढ्या एका तिरप्या उडीने पाण्याचा जोर मोडतो. पलीकडे ते फक्त पसरतं, वर चढत नाही. माझ्या पहिल्या पाटात असा एक कोपरा असता तर ते अकरा जण वाचले असते. लिव्हर नेहमी पाण्याच्या वरच्या थरावर ठेवायचा, जिथे पूर आला तरी माणूस पोहोचेल. आणि हेही लक्षात ठेवायचं की लिव्हर ओढल्याबरोबर फ्लडगेट हलत नाही, मधे थोडा वेळ जातो. दार किंवा झडप लगेच उघडते. बुटक्याच्या येण्याजाण्याचा वेळ आणि गेटचा वेळ, दोन्ही हिशोबात धरायचे. नदीलगतचा शेवटचा चौकोन समोरून फोडायचा नाही, वरच्या थरावरून खाली चर मारायचा, म्हणजे खोदणारा कोरडा राहतो. गेट बसवून, लिव्हरला जोडून, एकदा उघडझाप करून बघितल्यावरच हा चर मारायचा. जोडणीला दर वेळी दोन यंत्रजोड लागतात, एक लिव्हरकडे आणि एक गेटकडे, ते आधीच करून ठेवलेले बरे.

दुसरा किल्ला थंड मुलुखात घेतला. तिथे हिवाळ्यात नदी गोठते आणि पाट कोरडा पडतो. पण जमिनीच्या पोटातलं पाणी गोठत नाही, म्हणून तिथे मी वेगळी युक्ती केली. त्या जागी हलका अ‍ॅक्विफर होता, म्हणजे ज्यातून पाणी सावकाश झिरपतं असा दगडाचा थर. त्यात एक खोली खोदून ठेवली. ती आपली आपण भरली, दाबाशिवाय, आणि दवाखान्याच्या विहिरीला वर्षभर पुरली. ज्यांना पाण्याचा खेळ करायचा नाही, फक्त विहीर हवी आहे, त्यांनी हेच करावं. तो किल्ला पुढे मीच सोडला, कारण तिथे मला धबधबा करता येत नव्हता.

धबधब्याचं वेड का, ते सांगते. मी सोलापूरची. हैदराबादच्या रस्त्याने तासाभरावर नळदुर्ग आहे. तिथे बोरी नदीवर बांध घालून मुख्य किल्ला आणि रणमंडळ हा उपकिल्ला जोडलेत, आणि त्या बांधाच्या पोटात पाणी महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ च्या सुमाराचं बांधकाम. पावसाळ्यात नदीला भरपूर पाणी आलं की बांधावरच्या नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी कोसळतं, आणि महालात उभं राहिलं की ते पाणी आपल्या समोरून खाली जातं. आत कोरडं. लहानपणी बाबांचा हात धरून मी तिथे उभी होते, आणि भिंतीला हात लावला तर दगड थरथरत होता. मी बाबांना विचारलं होतं, पाणी आत का येत नाही? ते म्हणाले, त्याला दुसरीकडे जायला वाट दिलीय म्हणून.

तिसऱ्या किल्ल्यात मी तेच केलं. आधी जायची वाट.

सगळ्यात खालच्या थरावर नकाशाच्या कडेपर्यंत बोगदा नेला. नकाशाची शेवटची भिंत खोदता येत नाही, पण घासून गुळगुळीत करता येते आणि मग तिच्यात जंग्यांसारखी भोकं कोरता येतात. त्या भोकांतून पाणी नकाशाबाहेर निघून जातं, कितीही सोडा. येणारी वाट एक चौकोन रुंद ठेवली आणि जाणारी तीन. हे झाल्यावर भोजनगृह कोरलं, लांबट, दोन टोकांना छतात एकेक भोक. भोकाखाली साध्या दगडाची फरशी आणि तिच्या चारही बाजूंना जमिनीत जाळ्या. पाणी वरून फरशीवर आपटतं, पसरतं, जाळ्यांतून खाली बोगद्यात उतरतं. टेबलांपर्यंत पाण्याचा थेंब येत नाही. येतं ते धुकं.

हे धुकं या खेळातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. पडणाऱ्या पाण्यातून ते उठतं, आसपासच्या चौकोनांवर पसरतं, आणि त्यातून जाणाऱ्या बुटक्याला बरं वाटतं. हे नुसतं शोभेला नाही. प्रत्येक बुटक्याच्या मनाची नोंद खेळ ठेवतो: कोणाचा मित्र गेला, कोण पावसात भिजलं, कोणाला चांगलं जेवण मिळालं. माझ्याकडे एक नक्षीकाम करणारी होती, जिने वेशीवरच्या हल्ल्यात नवऱ्याला मरताना पाहिलं होतं. तिच्या मनाच्या पानावर महिनोन्‌महिने तीच ओळ वरती होती. ती काम टाकून कुठेही रडत बसायची. धबधबा सुरू झाल्यावर तिची जेवायची जागा मी दक्षिणेकडच्या टोकाला येईल अशी टेबलं हलवली. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही. मग तिच्या पानावर धुक्याची ओळ आली, मग पुन्हा आली, पुन्हा आली. नवऱ्याची ओळ गेली नाही, जाऊही नये, पण तिने छिन्नी हातात घेतली. भोजनगृहाच्या भिंतीवरची नक्षी तिची आहे.

आता अडचणी. वाहतं पाणी संगणकाला जड जातं, कारण हलणाऱ्या प्रत्येक चौकोनाचा हिशोब सतत चालतो. साचून सात झालेलं पाणी तेवढं जड नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर दोन्ही धबधबे चालू असले की वेग निम्म्यावर येतो. म्हणून दोघांना वेगळे लिव्हर आहेत, एका वेळी एकच चालू ठेवते, आणि पाट मुद्दाम आखूड ठेवलेत. लिव्हर कुठला कशाचा हा गोंधळ होऊ नये म्हणून ते वेगवेगळ्या रंगाच्या दगडाचे बसवलेत. तुम्हीही पहिल्या लिव्हरपासून ही सवय लावा. खेळ इंग्रजीत आहे आणि सुरुवातीचे दहा-पंधरा तास नुसतं कुठलं बटण कशाला हे शोधण्यात जातात. सोबत येणारे सुरुवातीचे धडे कामापुरते चांगले आहेत, पण दाबाचं गणित स्वतः बुडाल्याशिवाय डोक्यात बसेल असं मला वाटत नाही. शत्रूला बुडवून मारायचे सापळेही पुष्कळ जण करतात. ते चालतात. मला त्यात रस नाही.

चौथ्या किल्ल्यात नदी नाहीच. पाणी आहे ते खोल गुहेतल्या तळ्यात, वस्तीच्या बावीस थर खाली. म्हणून स्क्रू पंपांची उतरंड चालली आहे. एक पंप खालच्या थरावरचं पाणी आपल्या थरावर ओढतो, त्याच्या वरचा पुढे नेतो, असे बावीस. प्रत्येकाला दहा शक्ती लागते, म्हणजे दोनशे वीस. एक पाणचाक शंभर देतं आणि दहा स्वतः खातं, नव्वद उरतात. तीन चाकांचे दोनशे सत्तर, वरचे पन्नास दांड्यांना आणि दातेरी चाकांना. पंपाने उचललेलं पाणी पंपाच्या पातळीपर्यंत जोर करतं, तेव्हा वरच्या हौदाच्या तोंडाशी तिरपा कोपरा कोरून तयार आहे. सांडवा पहिल्याच वर्षी झाला. पंपांचे भाग हिरव्या काचेचे करतेय, वाळू जवळच मिळाली. एकोणीस पंप बसले, दोन चाकं फिरतायत. तिसऱ्या चाकाला तीन ओंडके हवेत आणि वरचं रान माळरान आहे, झाड नाही. शरदात बुटक्यांच्या मुलुखातला व्यापारी तांडा येईल, त्याला लाकूड सांगून ठेवलंय.